रेवडीबाई

शहाद्याच्या एसटी स्टँडवर तिला सगळे रेवडीबाई म्हणत. तळोदा-अक्कलकुव्याकडच्या गाड्या लागतात त्या फलाटाच्या शेवटच्या खांबाला टेकून ती बसायची. सत्तरीची असेल. अंगानं काटकुळी, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, गळ्यात मण्यांच्या दाट माळा, मांडीवर गाठ मारलेलं एक जुनं फडकं. दिवाळीनंतर केव्हातरी ती तिथं दिसू लागली. कुठून आली ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर कोणी विचारलंही नव्हतं. समोरून माणूस गेला की ती मान वर करून एकच शब्द बोलायची. तोंडात दात नाहीत, बोली डोंगरातली. ऐकणाऱ्याला तो शब्द 'रेवडी' असा ऐकू यायचा. कॉलेजची पोरं हसायची. फरसाणवाला कधीमधी शिळी झालेली रेवडी तिच्या पुढ्यात टाकायचा. ती रेवडी उचलून फडक्यात बांधून ठेवायची, खायची नाही.

"दखा, साठवी ऱ्हायनी," लोक म्हणायचे. "इकी टाकत व्हई." विकून पैसे करत असेल, अशी त्यांची खात्री.

चुनीलाल हे रोज बघायचा, कारण त्याची पिकअप स्टँडच्या भिंतीलगतच उभी असायची. मूळचा तो धानोऱ्याकडचा. वाटणीत आलेला जमिनीचा तुकडा भावाकडे ठेवून वीस वर्षांपूर्वी शहाद्याला आला आणि गाडीवर पोट भरू लागला. केळीचे घड, कापूस, लग्नाचा मांडव, मिळेल ते भाडं. गाडी चालवायला हात इतका हलका, की त्याच्या गाडीतून गेलेल्या केळीला डाग पडत नाही असं बागायतदार सांगत. खड्डा दिसला की वीस हात आधीच वेग कमी करायचा. घरी बायको ममता आणि ऐंशीला टेकलेली आई दगूबाई. दगूबाईचा नेम होता, दारावर आलेला रिकाम्या हाती जाऊ द्यायचा नाही. पण ती तरी कोणाला द्यायची? नंदीवाल्याला, वासुदेवाला, ठरलेल्या गोसाव्याला. स्टँडवरची माणसं तिच्या लेखी वेगळी. आणि चुनीलालच्या फोनवर तर दर आठवड्याला कुठल्या तरी भिकाऱ्याच्या गोधडीत नोटांची बंडलं सापडल्याचा व्हिडिओ यायचा. तो बघून तोही पुढं पाठवायचा. हातपाय धड असून मागून खाणारा माणूस म्हणजे ढोंगी, असं त्याचं साधं मत होतं. तसंच मत स्टँडवर सगळ्यांचं होतं, त्यामुळे ते कधी तपासून बघायची वेळ आली नाही.

जानेवारीच्या शेवटी स्टँडसमोरच्या नव्या दुकानांचं उद्घाटन ठरलं. दुकानदारांचे पुढारी रतिलालशेट. हा माणूस वाईट नव्हता. वडिलांच्या नावानं उन्हाळ्यात पाणपोई घालायचा, गाईंना चारा द्यायचा. त्यानं चुनीलालला बोलावून घेतलं.

"एक फेरा मारना शे, चुनीलाल."

"माल काय शे, शेट?"

"माल नही रे भो. ह्या लोके." शेटनं स्टँडकडे हनुवटी केली. "परवा मोठा पाहुना ई ऱ्हायना. दारसमोर हाई घान बरी दिसस का?"

"कोठे सोडू?"

"जवळना प्रकाशा गावले सोडशी तर सांजले परत येतीन. गुजरात बॉर्डरना पल्याड सोडी ये. तिकडे आश्रम-बिश्रम शेत, खावाले भेटस. आपलं काय पाप लागस यानामा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास गाडी लागली. भंडारा आहे, जेवण आहे, असं सांगितल्यावर पाच जण आपणहून चढले. त्यांत सुंदरबाई होती, एका डोळ्यानं अधू, जिभेनं तिखट. रेवडीबाई मात्र खांब सोडेना. शेवटी शेटच्या दोघा माणसांनी काखेत हात घालून तिला उचललं आणि गाडीच्या मागच्या फाळक्यावरून आत ठेवलं. ती ओरडली नाही. खांबाकडे बघत राहिली. चुनीलाल तोवर स्टिअरिंगवर बसून समोरची काच पुसत होता. काच स्वच्छच होती.

तळोदा गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. मागं पाचही जण गप्पा मारत होते, जेवणात काय असेल यावर सुंदरबाई काहीतरी बोलली आणि सगळे हसले. चुनीलालला बरं वाटलं. हसत चाललेत म्हणजे आपण काही वाईट करत नाही.

अक्कलकुव्याला फाट्याजवळ पाठीमागच्या काचेवर थाप बसली. त्यानं आरशात बघितलं. रेवडीबाई उभी होती. एका हातानं गजाला धरून दुसऱ्या तळव्यानं ती काच बडवत होती आणि उजवीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. त्या एका शब्दापलीकडे तिच्या तोंडून चुनीलालनं कधी काही ऐकलं नव्हतं. आता तिचं बोलणं नुसतं वाहत होतं. काचेतून ऐकू काही येत नव्हतं, फक्त तोंड हलताना दिसत होतं. चेहरा हसरा होता. पुढं कितीतरी दिवस त्याला हेच कोडं पडलं, की ही हसत का होती. त्याचा पाय ब्रेककडे गेलासुद्धा. इतक्यात मागून एसटीनं हॉर्न वाजवला. याडी शे, उतरी जाई आनि मांगे लागनं पडी, असं मनाशी म्हणून त्यानं गाडी पुढं काढली. थापा बराच वेळ बसत राहिल्या. मग थांबल्या.

सरहद्दीपलीकडे सागाची झाडं पानं गाळून उभी होती तिथं, एका बंद पडलेल्या ढाब्यापाशी त्यानं फाळका उघडला.

"भंडारा कोठे शे?" सुंदरबाईनं विचारलं.

"तठे, पुढे." त्यानं रिकाम्या रस्त्याकडे हात केला.

सुंदरबाईनं त्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. "समजनं," म्हणाली आणि खाली उतरली. चुनीलालनं गाडी वळवली. आरशात त्याला दिसलं, बाकीचे तिथंच उभे होते आणि रेवडीबाई गाडीमागं येत होती. धावत नव्हती. गाडी थांबणारच आहे अशा खात्रीनं सावकाश चालत येत होती. पहिल्या वळणावर ती दिसेनाशी झाली.

उद्घाटन थाटात झालं. आठ दिवसांत पाचही जण परत आले. कोणी ट्रकवर, कोणी पायी. दुकानदार हसले. मांजराला पोत्यात घालून सोडलं तरी ते घरी येतंच, म्हणाले. खांबाजवळची जागा मात्र रिकामीच राहिली. चुनीलालनं दोन दिवस वाट बघितली आणि मग, सहज विचारतोय असं दाखवत, सुंदरबाईला विचारलं, "ती नही का उनी?"

"नही. मी हात धरीसन वढी. तठीन हालनीच नही." सुंदरबाईनं अधू डोळा त्याच्यावर रोखला. "ट्रक उना का उभी ऱ्हाये. आम्ही मांगतस, दादा. ती मांगे नही. ती कोनी तरी वाट दखे. तुम्हले समजनं नही का?"

त्याला समजलं नव्हतं. आणि आता समजून काही उपयोग नव्हता, असं म्हणून त्यानं तो विषय मनातून काढून टाकला. तो गेला नाही. गाडी रिकामी असली की फाळक्याची साखळी वाजायची, आणि ती वाजली की त्याला वाटायचं, मागं कोणीतरी उभं आहे. एकदा भर दुपारी कापूस उतरवून येताना त्यानं तीनदा गाडी थांबवली आणि मागं जाऊन बघितलं. शेवटी साखळी काढून दोरी बांधली. थाप मात्र दोरीनं थांबेना.

होळीला आठ दिवस राहिले असतील. डोंगरातली माणसं ऊसतोडीवरून, गुजरातच्या मजुरीवरून परतत होती, स्टँड गजबजलं होतं. त्या गर्दीत पस्तिशीचा एक माणूस फोन हातात घेऊन टपरीटपरीवर थांबत होता. फोनवर फोटो होता, कुठल्याशा लग्नातला. पुढं नवरा-नवरी, मागं एक म्हातारी, अर्धी पुसट.

"माझी आई आहे," तो शाळेतलं मराठी जपून बोलत होता. "रूपलीबाई. मोलगीच्या वर आमचा पाडा. आम्ही तोडीला चाललो होतो, दोन ट्रक होते. मुकादमाला इकडची माणसं घ्यायची होती म्हणून इथं आलो, चहाला थांबलो. ती खाली उतरली. मला वाटलं मागच्या ट्रकमध्ये बसली, त्यांना वाटलं माझ्या. गुजरातला पोचल्यावर कळलं. मुकादम सोडेना. मी निरोप पाठवला, पण चुलत भाऊ चुकून तळोद्यालाच शोधून गेला. घरी गेली असेल म्हणून मी... वर रेंज नाही हो. काल घरी आलो तर ती नाही."

रतिलालशेट फोटो बघून म्हणाले, "दिवसाला हजारो येतात. कसं सांगणार?" चहावाल्यानं मान हलवली. फरसाणवाल्यानं फोटो जरा जास्त वेळ बघितला, मग नजर उचलून चुनीलालकडे बघितलं. त्या माणसानंही त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही बघितली, दादा?"

"नही," चुनीलाल म्हणाला.

"तिला मराठी येत नाही. तिला म्हटलं होतं, कुठं चुकलीस तर माझं नाव सांग, कोणीतरी पोचवेल. इथं कोणी म्हातारी रेवजी, रेवजी करत होती का? रेवजी माझं नाव."

फरसाणवाल्याचा हात परातीतच राहिला. सगळ्या स्टँडनं तीन महिने ते नाव ऐकलं होतं आणि त्यावर विनोद केले होते. चुनीलालच्या तोंडाशी शब्द आले. त्यानं ते गिळले. अक्कलकुव्याची गाडी लागली. रेवजीनं सगळ्यांना हात जोडले आणि तो गर्दीत चढला.

फरसाणवाल्यानं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. चुनीलाल घरी आला. दगूबाई ओट्यावर बसली होती. तिनं नेहमीसारखी त्याला हाक मारली, "चुन्या, उना का रे?" आणि तो उंबऱ्यातच खाली बसला. आईच्या तोंडात आपलं नाव असंच असतं. दुसऱ्या कोणाला ते काय ऐकू येत असेल?

होळी झाली. चुनीलाल जेवेनासा झाला. भाडं घेऊन निघायचा आणि वाट चुकायचा. केळीच्या एका भाड्यात त्याच्या हातून पहिल्यांदा माल खराब झाला, आणि बागायतदार चक्रावून गेला. ममतानं अंगारा आणला, तो त्यानं मुकाट्यानं लावून घेतला. एका सकाळी तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "काय व्हयनं ते सांगा. नही ते मी मन्हा भाऊले बलावस." त्यानं सांगितलं. अगदी काच पुसण्यापासून सगळं. ममतानं ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, "मले सांगीसन काय उपेग? जेन्ही माय शे त्याले सांगा."

मोलगीच्या बाजाराच्या दिवशी तो पिकअप घेऊन घाट चढला. बाजारात जीपवाल्यांकडे विचारत विचारत रेवजी सापडला, मिठाच्या पोत्याजवळ उभा. सोबत बायको रिना, तिच्या पाठीशी झोळीत लेकरू. रेवजीनं त्याला ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला. "दादा! सापडली?"

चुनीलाल ठरवलेलं सगळं बोलणं विसरला. तो उभ्या बाजारात भडाभडा बोलत सुटला. मी खोटं बोललो. तीच होती. मीच नेली. माझ्याच गाडीतून. कोणी सांगितलं, का सांगितलं, कुठं सोडली. रेवजी ऐकत होता. मध्येच रिनानं विचारलं तसं तो तिला त्यांच्या बोलीत सांगू लागला आणि अर्ध्यावर थांबला.

"अक्कलकुव्यावरून नेली?" त्यानं विचारलं.

"हो."

"फाट्यावरून?"

"हो. तिथं ती उभी राहिली. काच वाजवत होती. हसत होती. उजवीकडे..."

बोलता बोलताच चुनीलालला कळलं. सकाळी त्याच फाट्यावरून, त्याच उजव्या हाताला वळून तो इथं आला होता. फाट्यावर मोलगीच्या जीपा उभ्या होत्या.

रेवजी हलक्या आवाजात म्हणाला, "तो रस्ता तिला येत होता. तिथून ती अंधारातसुद्धा घरी आली असती." त्यानं हात उचलला. चुनीलालनं डोळे मिटले. मार बसला असता तर त्याला ते हवंच होतं. पण रेवजीनं तो हात कपाळाला लावला आणि मिठाच्या पोत्यावर बसून राहिला. रिनानं लेकराला पुढं घेतलं. ती चुनीलालकडे एकदाच बघून मराठीत म्हणाली, "तुम्हाला आई नाही का?"

थोड्या वेळानं रेवजी उठला. "चला. कुठं सोडली ते दाखवा."

ते तसेच निघाले. बंद ढाब्याजवळ कोणी नव्हतं. अर्धा कोस पुढं चहाची टपरी होती. टपरीवाली बाई रेवजीशी त्यांच्या बोलीत बोलली, आणि रेवजी चुनीलालला वाक्यावाक्यानं सांगत गेला. म्हातारी इथं होती. किती दिवस? सहा, नाहीतर सात. दिवसा रस्त्याकडेला बसायची. ही तिला भाकर द्यायची. ऊसतोडीचा ट्रक दिसला की उठून हात करायची. मग एका सकाळी नव्हती. कोणी म्हणालं ट्रकवाल्यानं घेतली, कोणी म्हणालं चालत सुटली.

"कुठल्या बाजूला?" चुनीलालनं विचारलं.

रेवजीनं विचारलं. त्या बाईनं आधी एकीकडे हात केला, मग दुसरीकडे, आणि मान हलवली.

ते त्यानंतर चारदा गेले. दोन-तीन ठाण्यांत फोटो दिला, सरकारी दवाखान्यांत बघितलं, बेवारस म्हणून पुरलेल्यांच्या नोंदी वाचल्या. देवळांच्या पायऱ्या, स्टँड, पुलाखाली बसलेली माणसं. अशा ठिकाणी इतकी माणसं बसलेली असतात हे चुनीलालला पहिल्यांदाच दिसलं. प्रत्येक म्हातारीजवळ गाडी थांबायची, रेवजी उतरून वाकून बघायचा आणि परत येऊन बसायचा. पावसाळा तोंडावर आला तेव्हा रेवजी म्हणाला, "आता नको, दादा. पेरणी आहे."

"मग?"

"मग काय? मेली म्हणावं, तर आम्ही माती बघितली नाही. जिवंत म्हणावं, तर घरी नाही. पाड्यावर म्हातारे विचारतात, तिचं काय करायचं. मी काय सांगू?" त्यानं पैसे घेतले नाहीत आणि माफीचा शब्द काढला नाही. मोलगीला उतरताना एवढंच म्हणाला, "तुम्ही आलात, हे बरं केलं. पण माझ्या घरी येऊ नका."

पुढच्या हिवाळ्यात रतिलालशेटनं पुन्हा बोलावलं. या खेपेला काहीतरी मोठी स्पर्धा होती, तपासणीला माणसं येणार होती.

"मी नही जावाव, शेट," चुनीलाल म्हणाला. "आनि कोनलेच धाडू नका. त्यासले पहिले इचारा तरी, कोन शेत, कोठला शेत."

"एक बाईनं मनवर घी बठना तू," शेट चिडले नव्हते, उलट समजावत होते. "अरे, आपुन का तिले मारी टाकी? नशीब तिन्हं."

दुसरी गाडी मिळायला तासही लागला नाही. चुनीलाल स्टँडवर पोचला तेव्हा चार जण मागं बसलेले होते, सुंदरबाई त्यांच्यातच. आणखी एक नवा, दाढी वाढलेला, गुडघ्यात डोकं घालून. चुनीलालनं फाळक्याला हात घातला आणि वर चढला.

गाडीवाला तरुण होता, ओळखीचा. "काका, तुम्ही कोठे?"

"जठे ह्यासले सोडशी तठे."

"काका, उतरा ना. शेट ओरडतीन."

"चाल तू."

फरसाणवाला दुकानातून बघत होता. चहावाला म्हणाला, "याडा व्हयना चुनीलाल," आणि दोघे-तिघे हसले. गाडी निघाली. सुंदरबाईनं सरकून त्याला जागा दिली. मागं बसल्यावर रस्ता उलटा पळतो, समोरचं काही दिसत नाही, आणि प्रत्येक खड्डा कमरेला बसतो. वीस वर्षं गाडी चालवून चुनीलालला हे माहीत नव्हतं.

ओळखीचा माणूस मागं बसलेला असताना त्या पोराला ओसाड रस्त्यावर फाळका उघडवेना. त्यानं तळोद्याच्या स्टँडबाहेर गाडी लावली आणि नजर चुकवत म्हणाला, "हठेच उतरा."

चौघं परतीच्या गाडीत बसले. दाढीवाला बसेना. चुनीलाल त्याच्यासमोर उकिडवा बसला. नाव काय, गाव कोणतं, घरी कोण आहे, आधी अहिराणीत विचारलं, मग मराठीत, मग मोडक्या हिंदीत. माणूस ओठ हलवत होता, आवाज येत नव्हता. चुनीलाल पुढं सरकला, त्यानं कान त्याच्या तोंडाशी नेला. एक एसटी गेली, दुसरी गेली. ऊन डोक्यावर आलं. वाटेनं जाणारे त्या दोघांना वळसा घालून जात होते.

त्या माणसाचं नाव त्याला त्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, तेव्हा माणूस तिथं नव्हता.